अध्यापनाचा क्रम व आत्मसात होण्याचा क्रम

युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात भाषाप्रभुत्वाच्या 'ए-१' ते 'सी-२' अशा सहा पायऱ्या मानल्या आहेत. इंग्रजीच्या पाठ्यक्रमांत तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाचा 'एस्' हा प्रत्यय पहिल्याच पायरीवर येतो. परंतु सहज बोलण्यात तो स्थिरावतो पुष्कळ उशिरा. 'ही गो टु स्कूल' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास नियम ठाऊक नसतो असे नव्हे. मराठीतही क्रियापद पुरुषानुसार बदलते. तेव्हा ही कल्पना त्यास नवी नाही. मात्र इंग्रजीत कर्ता बहुधा उक्त असल्यामुळे प्रत्ययावाचून अर्थ अडत नाही. 'ए' व 'द' यांसारखी उपपदे मराठीत नसल्याने ती प्रगत पायरीवरही चुकतात. म्हणून एखादा नियम केव्हा शिकविला, एवढ्यावरूनच विद्यार्थ्याची पायरी ठरविणे अन्यायाचे होईल.