तगाद्याची यांत्रिक तजवीज

सेवानिवृत्त मनुष्याच्या वर्षक्रमात नोव्हेंबर महिन्याला विशेष महत्त्व असते; आपण हयात आहोत असा दाखला त्या सुमारास रुजू केल्यावाचून पुढील निवृत्तिवेतन निर्वेधपणे हाती पडत नाही. हा दाखला ज्यांनी द्यायचा ते वडील गावी असतात, आणि कामांच्या याद्या करण्याची आवड असलेले चिरंजीव पुण्यात, बंगळुरात किंवा न्यू जर्सीत. चिरंजिवांच्या मोबाइलमधील टू-डू ॲपात ‘बाबा – हयातीचा दाखला’ अशी नोंद मुदतीसह असते आणि मुदतीच्या दिवशी ते ॲप इमानाने घंटाही वाजवते; परंतु ती वाजते चिरंजिवांच्या खिशात. वडिलांजवळचा फोन बटणांचा, त्यात इंटरनेट नाही, व्हॉट्सॲप नाही. लिहिलेला मजकूर त्या फोनापर्यंत नेणारे साधन एकच, ते म्हणजे एसएमएस. ह्या मधल्या अंतरावर यंत्राची नेमणूक करता येईल काय, आणि संगणकाला आज्ञा लिहिण्याची विद्या ज्याने कधी शिकलेली नाही अशा इसमास ती करता येईल काय, ह्याचा येथे विचार करावयाचा आहे.

संगणकाने फोनला संदेश धाडणे ही गोष्ट मुळीच नवी नव्हे. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात नील पॅपवर्थ नावाच्या तरुण अभियंत्याने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस ह्यांना नाताळच्या शुभेच्छा देणारा जगातला पहिला एसएमएस पाठविला, तो संगणकावरूनच. पुढे गूगल कॅलेंडरसारख्या सेवा आपल्या नोंदींचे स्मरण एसएमएसने देतही असत. गूगलने ती सोय जानेवारी २०१९ मध्ये बंद केली. ॲपमधील सूचना जवळजवळ फुकट पडते आणि एसएमएसमागे प्रत्येक वेळी कोणाला तरी मोल मोजावे लागते, हे ध्यानी घेता बहुतेक टू-डू ॲपे ह्या वाटेला का जात नाहीत ते कळून येते. तेव्हा सांधा आपणच जुळवावयाचा.

तो जुळविण्याची साधने २०११ च्या सुमारास सर्वसामान्यांच्या हाती आली. अमेरिकेतील इफ्ट आणि झॅपिअर ह्या दोन सेवा त्याच काळातल्या. दोहोंचे तत्त्व एका वाक्यात मावते: अमुक घडले, तर तमुक करावे. पहिल्या भागास ‘ट्रिगर’ म्हणतात, दुसऱ्यास ‘ॲक्शन’. पडद्यावरील याद्यांतून दोन्ही निवडावयाचे, मधल्या रिकाम्या जागा भरावयाच्या, की हुकूम तयार. जुन्या दफ्तरातल्या, मिळालेल्या हुकुमाचा अक्षरशः अंमल करणाऱ्या आणि त्यामागचा हेतू कधीही न विचारणाऱ्या कारकुनासारखी ह्या यंत्राची वृत्ती असते. आणि म्हणूनच येथे संगणकशास्त्र लागत नसले, तरी हुकूम नेमका लिहिण्याची कला मात्र लागते.

सर्वांत मोठी अडचण ह्या नेमकेपणातच दडलेली आहे. टोडूइस्टसारखे ॲप झॅपिअरला जोडले, की ट्रिगरांच्या यादीत ‘नवे काम नोंदले गेले’ हा पर्याय ठळकपणे समोर येतो आणि नवशिका तोच निवडतो. परिणाम असा, की नोव्हेंबरचे काम जूनमध्ये नोंदले तर तगादा जूनमध्येच रवाना होतो. काम नोंदले जाणे ही एक घटना आणि त्याची मुदत येणे ही दुसरी, हा भेद आपल्या मनात इतका मुरलेला असतो की तो बोलून दाखविण्याचे सुचत नाही. यंत्रास तो सांगावाच लागतो. ह्यावर रूढ उपाय असा, की काम प्रथम कॅलेंडरात उतरवावे आणि ‘कार्यक्रम सुरू होण्याची वेळ’ हा कॅलेंडराचा ट्रिगर धरावा. तो नियोजित वेळेच्या काही मिनिटे वा तास आधीही मुक्रर करता येतो.

तथापि घरगुती कामासाठी इतका द्राविडी प्राणायाम करण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. ज्याच्याजवळ अँड्रॉइड फोन आहे, त्याने मॅक्रोड्रॉइडसारखे ॲप घेऊन सगळा कारभार स्वतःच्या सिमकार्डावर चालवावा. येथे ट्रिगर म्हणून ‘सूचना आली’ हा पर्याय निवडून टू-डू ॲपाचे नाव द्यावयाचे, आणि ॲक्शन म्हणून ‘एसएमएस पाठव’ निवडून वडिलांचा क्रमांक व मजकूर भरावयाचा. ॲप मुदतीच्या वेळीच घंटा वाजवीत असल्यामुळे मुदतीचा प्रश्न आपोआप सुटतो. मात्र सूचनेत ‘बाबा’ हा शब्द असेल तरच पुढे जावे, अशी अट घालण्यास विसरू नये. नाहीतर दुधाच्या बिलापासून वडिलांसाठी गुपचूप घ्यावयाच्या भेटवस्तूपर्यंत सारी यादी त्यांच्याच फोनवर जाऊन थडकेल. आणखी एक खबरदारी: बॅटरी वाचविण्याच्या नावाखाली अनेक फोन पडद्याआड चालणारी ॲपे परस्पर बरखास्त करतात, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ह्या ॲपास त्या निर्बंधातून वगळावे लागते. व्यवस्था बिनचूक असूनही संदेश गेला नाही, तर बहुधा दोष येथे सापडतो.

आयफोनधारकांची वाट किंचित निराळी आहे. ॲपलने २०१७ मध्ये ‘वर्कफ्लो’ हे ॲप विकत घेतले आणि पुढल्या वर्षी त्याचेच रूपांतर ‘शॉर्टकट्स’ ह्या नावाने बाहेर काढले. त्यात दुसऱ्या ॲपाच्या सूचनेवर एसएमएस बेतण्यापेक्षा रोज सकाळी ठरावीक वेळी ‘रिमाइंडर्स’मधील आजच्या मुदतीची, अद्याप पूर्ण न झालेली कामे शोधावीत व ती संदेशाने पाठवावीत, असा क्रम लावणे सोपे. ‘विचारल्याविना चालवावे’ ही मुभा द्यावी, आणि एकही काम सापडले नाही तर काहीही पाठवू नये अशी अट अवश्य जोडावी. एरवी रोज सकाळी कोरा संदेश पाहून वडीलच काळजीने फोन करतील.

परदेशातील चिरंजिवांना मात्र स्वतःच्या सिमवरून रोज आंतरराष्ट्रीय संदेश धाडणे परवडेल असे नाही, आणि एखाद्या शिकवणीचालकास वा दवाखान्यास तर आपल्या खाजगी क्रमांकावरून शेकडो तगादे पाठविणे मुळीच श्रेयस्कर नाही; तशा वर्तनाने क्रमांकाची सेवाच तोडली जाण्याचा संभव असतो. त्यांच्यासाठी ट्विलिओसारख्या घाऊक संदेशसेवा आहेत आणि त्या झॅपिअरला जोडताही येतात. पण हिंदुस्थानात येथे ‘ट्राय’ ह्या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीचा दरवाजा आडवा येतो. पाठविणाऱ्या संस्थेने दूरसंचार कंपनीच्या पटावर स्वतःची नोंदणी करावी, संदेशाच्या माथ्यावर दिसणारे नाव मंजूर करून घ्यावे, आणि मजकुराचा मसुदाही आगाऊ दाखल करावा, असा तो शिरस्ता आहे. मसुद्याशी न जुळणारा संदेश वाटेतच अडविला जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी कडकपणे सुरू होताच बँकांचे ओटीपीदेखील अडकून पडले आणि तिचा अंमल काही दिवस तहकूब ठेवावा लागला, ह्यावरून तिची करडी नजर ध्यानात यावी. जाच वाटला तरी, जाहिरातबाजांनी आपल्या फोनांचा जो उकिरडा करून ठेवला आहे तो पाहता, हा बंदोबस्त मला अनाठायी वाटत नाही.

आता मजकुराविषयी. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरास सात बिट पुरतात, म्हणून त्या लिपीत १६० अक्षरे बसतात. देवनागरीस मात्र सामान्यतः प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागत असल्यामुळे मर्यादा ७० वर येते. शिवाय काना, वेलांटी, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘दाखला’ दिसायला तीन अक्षरे, हिशेबाला पाच. मजकूर लांबला की त्याचे ६७-६७ चिन्हांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा आकार वेगळा लागतो. तेव्हा नमस्कार-चमत्कार वगळून ‘बाबा, आज बँकेत हयातीचा दाखला द्या. पासबुक न्या.’ इतकेच लिहावे. जुना बटणांचा फोन देवनागरी दाखवितो की नुसते चौकोन, हे एक चाचणी संदेश पाठवून आधी पाहावे. आणि परदेशातून व्यवस्था लावणाऱ्याने झॅपिअरच्या खात्यातील वेळ भारताची आहे ना, ह्याची खात्री करावी, कारण न्यू जर्सीतील दुपारचे तीन म्हणजे गावी मध्यरात्र उलटलेली असते.

विश्वासाचा प्रश्न उरतो. सूचना वाचण्याची परवानगी ज्या ॲपास दिली, त्यास अनेक फोनांवर आपले ओटीपीही वाचता येतात. म्हणून असले ॲप अधिकृत दुकानातूनच घ्यावे आणि काम सरताच परवानगी काढून घ्यावी. एसएमएसचा मजकूर प्रेषकापासून ग्राहकापर्यंत कुलूपबंद जात नाही, सबब खातेक्रमांक वा आजाराचे नाव त्यात घालू नये. फोन बंद असला तर संदेश केंद्रात काही काळ थांबतो आणि मुदत संपली की नाहीसा होतो. म्हणून ज्या औषधाची मात्रा चुकून चालत नाही, तिची मदार ह्या व्यवस्थेवर ठेवू नये. स्वतःच्या सिमवरून चालविलेल्या व्यवस्थेत वडिलांनी ‘दिला’ असे उत्तर टाकले, तर ते थेट चिरंजिवांच्या फोनवर उतरते. घाऊक सेवेच्या नावाखाली गेलेल्या संदेशास बहुधा उत्तरच देता येत नाही. यादीतील कामावर खूण मात्र तरीही चिरंजिवांनाच करावी लागते, आणि ती राहिली तर आयफोनवरील तगादा दुसऱ्या दिवशीही जाईल की नाही, हे आपण शोधाची अट ‘आजची मुदत’ लिहिली की ‘आजपर्यंतची’, ह्यावर अवलंबून असते.