झाकलेल्या पानांची यादी : शोधयंत्र, स्थळचालक आणि साहित्याचा अभ्यासक

साहित्याच्या अभ्यासात ‘उपलब्ध नाही’ हा शेरा फार जबाबदारीचा असतो. एखादा लेख, एखादा अंक किंवा एखादी आवृत्ती उपलब्ध नाही असे एकदा छापले गेले की पुढील अभ्यासक तिचा शोध घेण्याचे सहसा सोडून देतात. पूर्वी हा शेरा ग्रंथालयातील सूचिपत्रे चाळून झाल्यावर लिहिला जात असे. आता तो पुष्कळदा शोधयंत्राला प्रश्न विचारून लिहिला जातो. परंतु शोधयंत्राच्या मौनाचे निदान तीन अर्थ संभवतात. ते पान मुळातच नसेल. असेल, पण शोधयंत्र तेथवर पोहोचले नसेल. किंवा ते पोहोचले असूनही स्थळाच्या चालकाने ते पान दाखवू नये असे त्याला सांगितले असेल. यांपैकी तिसऱ्या प्रकाराची लेखी नोंद शोधयंत्राकडे असते आणि ती रीतसर मागवता येते. ती कशी मागवावी, कशी वाचावी आणि तिच्यावरून कोणता निष्कर्ष काढावा व कोणता काढू नये, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शोधयंत्राची कार्यपद्धती लक्षात घेतली पाहिजे. क्रॉलर नावाची आज्ञावली जालावर फिरून पाने वाचते. वाचलेल्या पानांची निर्देशसूची तयार होते. आणि वाचकाच्या प्रश्नानुसार त्या सूचीतील नोंदी त्याच्यासमोर मांडल्या जातात. या तीन पायऱ्या निरनिराळ्या असल्यामुळे त्यांना घालावयाचे अटकावही निरनिराळे आहेत. ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचे तर, सूचिकाराला एखाद्या दालनात येऊ न देणे, पुस्तकावरच ‘सूचीत घेऊ नये’ अशी चिठ्ठी लावणे, आणि तयार झालेले सूचिपत्र काही काळ खणातून काढून ठेवणे, ही तीन भिन्न कृत्ये होत. तिन्ही कृत्यांत पुस्तक मात्र फडताळावरच राहते.

यांपैकी पहिला अटकाव रोबोट्स.टीएक्सटी या धारिकेचा. मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचविलेला हा संकेत दीर्घकाळ केवळ परस्पर समजुतीवर चालला. सप्टेंबर २०२२ मध्ये तो आरएफसी ९३०९ या क्रमांकाने प्रमाणित झाला. दुसरा अटकाव म्हणजे पानातच किंवा पानासोबत पाठविलेली ‘नोइंडेक्स’ ही सूचना. या दोहोंचा एकत्र वापर केल्यास चमत्कारिक परिणाम होतो. क्रॉलरला दारातच अडविले तर आतील चिठ्ठी त्याला वाचता येत नाही. आणि इतर स्थळांनी त्या पानाचा दुवा दिला असेल तर पानाचा नुसता पत्ता निर्देशसूचीत शिरू शकतो. झाकण्याचा हेतू अशा वेळी असफल होतो.

तिसरा अटकाव हा शोधयंत्राकडे केलेल्या प्रत्यक्ष विनंतीचा असतो, आणि प्रस्तुत लेखाचा संबंध मुख्यत्वे त्याच्याशीच आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राच्या वेबमास्टर सुविधेत अशी विनंती करता येते. तिची मुदत ९० दिवसांची असते. गूगलच्या सर्च कन्सोलमधील हंगामी वगळणुकीची मुदत सुमारे सहा महिने आहे. म्हणजे हा अटकाव स्वभावतःच तात्पुरता होय.

आता यादी मागविण्याची रीत. एपीआय म्हणजे एका आज्ञावलीने दुसरीला ठराविक शब्दांत प्रश्न विचारावा आणि ठराविक आकारात उत्तर मिळवावे, यासाठी ठेवलेली खिडकी. बिंगच्या खिडकीतून उत्तर मिळण्यासाठी आधी संकेतस्थळावरील आपली मालकी सिद्ध करावी लागते. त्यासाठी शोधयंत्राने दिलेली एक धारिका स्थळावर ठेवणे, मुखपृष्ठाच्या संहितेत एक खूण घालणे किंवा स्थळनामाच्या नोंदीत एक भर घालणे, असे मार्ग आहेत. त्यानंतर सुविधेतील एपीआय विभागातून एक गुप्त किल्ली मिळते. ‘गेटब्लॉक्डयूआरएल्स’ या नावाची पृच्छा स्थळाचा पत्ता आणि ही किल्ली जोडून पाठविली की जेसन या आकृतिबंधात यादी परत येते. किल्ली कोणाच्या हाती पडल्यास त्याला यादी पाहता येईल एवढेच नव्हे, तर तिच्यात भर घालता किंवा घटही करता येईल. म्हणून ती पत्रव्यवहारात वा प्रकाशित संहितेत येऊ देऊ नये.

यादीतील प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असतात : पत्ता, घटकाचा प्रकार, विनंतीचा प्रकार, दिनांक आणि मुदत संपण्यास उरलेले दिवस. घटक एकतर ‘पान’ असतो किंवा ‘निर्देशिका’, म्हणजे पानांचा संपूर्ण कप्पा. हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. एखाद्या विद्यापीठीय स्थळावर नियतकालिकाचे ४० वर्षांचे अंक एकाच कप्प्यात ठेवले आहेत असे समजा. त्या कप्प्यावरील एका नोंदीने ती सर्व ४० वर्षे झाकली जातात. यादीत ओळ मात्र एकच दिसते. तेव्हा ओळींची संख्या म्हणजे झाकलेल्या पानांची संख्या नव्हे. विनंतीचा प्रकार ‘पूर्ण वगळणूक’ आहे की ‘केवळ साठविलेल्या प्रतीपुरता’ आहे, हेही पाहावे लागते. साठविलेल्या प्रतींचे दुवे दाखविण्याची प्रथा गूगल व बिंग या दोघांनीही २०२४ मध्ये बंद केल्यामुळे या दुसऱ्या प्रकाराचे महत्त्व आता मुख्यतः जुन्या नोंदी समजून घेण्यापुरते उरले आहे. दिनांक १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या मिलिसेकंदांत दिलेला असतो. त्याचे रूपांतर करून घ्यावे लागते.

भारतीय भाषांच्या स्थळांबाबत आणखी एक अडचण उद्भवते. पत्त्यातील देवनागरी अक्षरे यंत्राकडे जाताना शेकडाचिन्ह व सोळा अंकी संकेत यांत बदलतात. देवनागरीच्या प्रत्येक घटकाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट आणि प्रत्येक बाइटला तीन चिन्हे लागतात. ‘कविता’ या शब्दात काना-वेलांटीसह पाच घटक आहेत. म्हणजे पत्त्यात त्याची ४५ चिन्हे होतात. यादी डोळ्यांनी वाचून पान ओळखता येत नाही. ती आधी उलगडावी लागते. त्यातही ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टंकित होऊ शकतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णापासून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. वाचकाला दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन पत्ते असतात. एकावर अटकाव घालून दुसरा उघडा राहणे, किंवा उठवावयाचा अटकाव भलत्याच पत्त्यावर उठविणे, हे अशा वेळी सहज घडू शकते.

या यादीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ती एकाच शोधयंत्रापुरती असते. रोबोट्स.टीएक्सटी किंवा ‘नोइंडेक्स’ यांनी अडविलेली पाने तिच्यात येत नाहीत. अटकाव कोणी व का घातला, याचा रकानाच तिच्यात नाही. गूगलकडून हंगामी वगळणुकींची यादी एपीआयद्वारे मागता येत नाही. जानेवारी २०२२ पासून एकेका पत्त्याची स्थिती विचारण्याची सोय मात्र आहे आणि तिची मर्यादा प्रत्येक स्थळामागे दिवसाला २,००० पृच्छांची आहे. तेथे संशयित पत्ते आपणच पुरवावे लागतात, आणि ज्या पानाचे विस्मरण झाले त्याचा पत्ता कोण पुरविणार?

म्हणून ग्रंथालये व विद्यापीठीय विभाग यांनी ही यादी दर महिन्यास मागवून दिनांकासह जतन करावी आणि प्रत्येक नोंदीपुढे अटकावाचे कारण व निर्णय घेणाऱ्याचा हुद्दा स्वतः लिहावा, हे इष्ट होय. तसे न केल्यास दोन विरुद्ध धोके संभवतात. तात्पुरता अटकाव ९० दिवसांनी सरतो आणि जे खरोखरच झाकावयाचे होते ते पुन्हा उघडे पडते. उलट रोबोट्स.टीएक्सटीमधील एका ओळीला मुदतच नसते. भारतीय कायद्यानुसार ग्रंथातील स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो; परंतु तो संपला म्हणून हक्काच्या कारणाने लिहिलेली ती ओळ आपोआप पुसली जात नाही. कोणीतरी कारण लिहून ठेवले असेल तरच ती पुसण्याची आठवण राहते.

स्थळाची मालकी नसलेल्या अभ्यासकाला ही यादी मागता येणार नाही. तथापि रोबोट्स.टीएक्सटी ही धारिका कोणालाही उघडता येते, स्थळाच्या अंतर्गत अनुक्रमणिकेतून पानापर्यंत जाता येते, आणि संबंधित संस्थेला पत्र लिहून झाकलेल्या पानांची यादी विचारता येते. एवढे केल्यावाचून ‘उपलब्ध नाही’ असे लिहू नये. ‘अमुक शोधयंत्रात अमुक दिनांकास आढळले नाही’ असे लिहावे. दुसरे वाक्य लांबट आहे खरे, परंतु पुढच्या अभ्यासकासाठी ते शोधाचा मार्ग मोकळा ठेवते.