भूक, तृप्ती आणि आनुवंशिकता

एखादी व्यक्ती स्थूल असली, की तिच्याविषयी मराठी घरांतून सामान्यतः दोन विधाने ऐकू येतात. 'त्यांच्या घराण्यातच जाडपणा आहे' हे एक, आणि 'खाण्यावर ताबा नाही' हे दुसरे. पहिले विधान स्थूलतेचे कारण रक्तात शोधते, दुसरे ते स्वभावात शोधते. व्यवहारात ही दोन्ही विधाने परस्परविरोधी मानली जातात. घराण्याचा वारसा मान्य केला, की खाणारा निर्दोष ठरतो. ताब्याचा अभाव मान्य केला, की वारसा ही केवळ सबब ठरते. गेल्या चार दशकांतील संशोधनाने हा विरोध बराचसा नाहीसा केला आहे. स्थूलतेचा जो धोका वंशपरंपरेने येतो, त्याचा मोठा भाग भुकेच्या आणि तृप्तीच्या वाटेनेच कार्य करतो, असे त्या संशोधनातून निष्पन्न होते. ही वाट कोणती, तिच्या मर्यादा कोणत्या आणि महाराष्ट्रातील निरीक्षणांचा तिच्याशी संबंध काय, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. 'भूक लागणे' आणि 'खावेसे वाटणे' यांत मराठी भाषक सहज भेद करतो. पोट भरूनही मन भरत नाही, हे त्याला ठाऊक असते. खाल्लेले एकाच्या 'अंगी लागते' आणि दुसऱ्याच्या लागत नाही, असेही तो म्हणतो. या चार अनुभवांना शास्त्रातही चार स्वतंत्र स्थाने आहेत: रिकाम्या पोटाची भूक, अन्नाच्या दर्शनाने वा वासाने जागी होणारी इच्छा, पुरे झाल्याची जाणीव, आणि खाल्लेल्या अन्नाचा शरीराने केलेला विनियोग. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मानसशास्त्रज्ञ जेन वॉर्डल आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली मुलांच्या आहारवर्तनाची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीतही अन्नाविषयीची ओढ, तृप्तीची संवेदना आणि खाण्याचा वेग ही अंगे पृथक् मोजण्याची सोय आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण वारशाचा प्रभाव या सर्व अंगांवर सारखा नसतो.

स्थूलतेत वारशाचा वाटा आहे, हे दत्तक मुलांच्या अभ्यासाने प्रथम ठळकपणे दाखविले. १९८६ साली अल्बर्ट स्टंकर्ड व सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ५४० प्रौढ दत्तकांची माहिती तपासली. त्यांच्या शरीरयष्टीचा संबंध जन्मदात्यांच्या शरीरयष्टीशी जुळला. वाढविणाऱ्या आईबापांशी तो जुळला नाही. पुढे वारसा नेमका कशाचा, हा प्रश्न जुळ्या मुलांच्या अभ्यासाने पुढे नेला. २००७ साली ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सुमारे २४०० जुळ्यांच्या जोड्यांच्या पाहणीत, केवळ दुधावर असलेल्या तान्ह्या बालकांतही तृप्तीच्या संवेदनेतील भिन्नतेपैकी शेकडा ७२ आणि दूध पिण्याच्या वेगातील भिन्नतेपैकी शेकडा ८४ भाग आनुवंशिक असल्याचे अनुमान निघाले. या आकड्यांचा अर्थ मात्र नीट लक्षात घेतला पाहिजे. ते एका समुदायातील व्यक्तीव्यक्तींमधील फरकाविषयी आहेत. एका बालकाच्या तृप्तीपैकी शेकडा ७२ भाग जनुकांनी घडविला, असा त्यांचा अर्थ नव्हे.

या संबंधामागील यंत्रणा काही दुर्मिळ उदाहरणांतून प्रथम उलगडली. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचे जनुक सापडले. लेप्टिन हे संप्रेरक मेदपेशींतून स्रवते आणि शरीरात मेदाचा साठा किती आहे, याची वार्ता मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला देते. १९९७ साली ब्रिटनमधील दोन चुलत-मावस नात्यातील मुलांत हे संप्रेरक जन्मतःच नसल्याचे आढळले. मेंदूला साठ्याची वार्ता मिळत नसल्यामुळे ही मुले अखंड भुकेली असत. त्यांपैकी एका नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर तिची भूक आटोक्यात आली आणि एका वर्षात तिचे वजन सुमारे १६ किलोग्रॅमने उतरले. त्या मुलीचा निश्चय दृढ झाला म्हणून हे घडले नाही. तिच्या शरीरात नसलेला एक संदेश बाहेरून पुरविला गेला, म्हणून घडले.

सामान्य लोकसंख्येतील स्थूलता इतकी सरळ नाही. तेथे एकच जनुक निर्णायक नसून शेकडो जनुकीय रूपभेद प्रत्येकी अल्प प्रमाणात हातभार लावतात. त्यांपैकी सर्वांत परिचित रूपभेद एफटीओ या जनुकातील होय. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार युरोपीय वंशाच्या प्रौढांपैकी शेकडा १६ व्यक्तींत या धोकादायक रूपाच्या दोन प्रती असतात. एकही प्रत नसलेल्यांपेक्षा त्यांचे वजन सरासरी सुमारे तीन किलोग्रॅमने अधिक भरते. २००८ साली स्कॉटलंडमधील शाळकरी मुलांना चाचणीसाठी भोजन देण्यात आले. त्या वेळी हे रूप धारण करणाऱ्या मुलांनी अधिक उष्मांकांचे अन्न घेतल्याचे दिसले. त्यांच्या शरीराचा ऊर्जाव्यय मात्र कमी नव्हता. २०१५ सालच्या एका व्यापक विश्लेषणात शरीरभाराशी निगडित ९७ जनुकीय स्थाने नोंदविली गेली. त्या स्थानांजवळची अनेक जनुके मज्जासंस्थेत कार्य करणारी होती. या सर्व स्थानांनी मिळून शरीरभारातील भिन्नतेचा शेकडा तीनहूनही कमी भाग स्पष्ट होत होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तथापि भूक हीच एकमेव वाट आहे, असे म्हणता येणार नाही. क्वेबेकमधील क्लोद बूशार व सहकाऱ्यांनी १९९० साली एकबीज जुळ्यांच्या बारा जोड्यांना शंभर दिवसांच्या कालावधीतील ८४ दिवस गरजेपेक्षा रोज १००० किलोकॅलरी अधिक आहार दिला. आहार ठरवून दिलेला असल्यामुळे येथे भुकेचा प्रश्नच नव्हता. तरीही कोणाचे वजन सुमारे ४ किलोग्रॅमने वाढले, तर कोणाचे १३ किलोग्रॅमने. आणि एका जोडीतील दोघांची वाढ परस्परांशी मिळतीजुळती होती. खाल्लेले 'अंगी लागणे' हीदेखील वारशाची गोष्ट आहे, असा याचा अर्थ होतो. एफटीओतील रूपभेद शेजारच्या जनुकांमार्फत मेदपेशींच्या ऊर्जाव्ययावर परिणाम करतो, असे २०१५ सालच्या प्रयोगांनीही सूचित केले आहे.

महाराष्ट्रातील निरीक्षणे या चित्रात एक निराळी भर घालतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोग्रॅम होते. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याची बालके स्नायूंनी व पोटातील अवयवांनी लहान होती. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपली स्वतःचीच मोजमापे 'लॅन्सेट' या नियतकालिकात दिली. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२ होता. २००९ साली पुण्याच्या गटाने हैदराबादमधील संशोधकांच्या सहकार्याने एफटीओ तपासले. युरोपीय लोकांत या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध वाढलेल्या वजनातून स्पष्ट होतो. भारतीयांत तो वजनाचा हिशेब वजा केल्यावरही बराच उरला. याचा अर्थ असा, की सडपातळ दिसणारी मराठी व्यक्ती आनुवंशिक धोक्यापासून मुक्त आहे, असे मानता येत नाही. शिवाय मेदाची ही ठेवण मातेच्या पोषणातूनही घडते. म्हणून जन्मतः मिळालेले सर्वच जनुकांच्या खाती मांडणे योग्य नव्हे.

आता परिस्थितीचा विचार करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात अतिवजनी वा स्थूल स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ साली शेकडा १२.६ होते, २०१९-२१ मध्ये ते शेकडा २४.० झाले. पंधरा वर्षांत लोकांची जनुके बदलत नाहीत. बदलते ते ताट, काम आणि बाजार. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या प्रदीर्घ अभ्यासात १९४२ पूर्वी जन्मलेल्यांत एफटीओ आणि शरीरभार यांचा संबंध दिसून आला नाही. त्यानंतर जन्मलेल्यांत तो स्पष्ट होता. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या २०११ सालच्या एकत्रित विश्लेषणात शारीरिक श्रम करणाऱ्यांत या रूपभेदाचा प्रभाव शेकडा २७ ने कमी आढळला. ब्रिटनमधील प्रौढांच्या २०२३ सालच्या अभ्यासात, खाण्यावर जाणीवपूर्वक मर्यादा ठेवणाऱ्यांत आनुवंशिक धोक्याचा वजनावरील परिणाम सौम्य झालेला दिसला. धोका वारशाने येतो. तो प्रत्यक्षात उतरण्यास अनुकूल परिस्थिती लागते.

या दृष्टीने आपल्या भोजनाच्या रीतींकडे पाहणे उद्बोधक ठरेल. नाशिकच्या लग्नाच्या पंगतीत काय किंवा घरच्या पाहुणचारात काय, वाढणाऱ्याने आग्रह करावा आणि जेवणाऱ्याने पानात काही टाकू नये, हे दोन संकेत आजही पाळले जातात. १९७२ च्या दुष्काळासारखे प्रसंग पाहिलेल्या समाजात ते स्वाभाविकच होते. अन्न मोजके असताना पातेले रिकामे होणे हीच जेवणाची मर्यादा असे. ज्याला तृप्ती उशिरा जाणवते, त्यालाही ती मर्यादा आपोआप लागू होई. आज पातेले सहसा रिकामे होत नाही. अशा वेळी 'पुरे' म्हणण्याचा सगळा भार जेवणाऱ्याच्या आतल्या संवेदनेवर पडतो. आणि ही संवेदना सर्वांना सारखी मिळालेली नसते. ज्या मुलाला ती मंद मिळाली आहे, त्याला 'खादाड' म्हणून हिणवणे आणि त्याच पंगतीत आणखी एक जिलबी घेण्याचा आग्रह करणे, या दोन्ही गोष्टी त्याच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत. ज्या मुलाला ती तीव्र मिळाली आहे, त्याचे पान संपवून घेण्याचा हट्टही तितकाच अनाठायी ठरतो.

संशोधकांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक कर्तव्य निष्पन्न होते. आहारवर्तनाच्या प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीत रचल्या गेल्या आहेत. त्या मराठीत आणताना भूक, ओढ आणि तृप्ती या तिन्हींसाठी 'भूक' हा एकच शब्द योजला, तर वारशाचा प्रभाव ज्या अंगावर विशेष पडतो, ते अंगच मोजमापातून निसटेल. 'तुमच्या मुलाला फार भूक लागते का?' आणि 'पोट भरल्यावरही समोर आलेले तो खातो का?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. नाशिक जिल्ह्यातील एखादी माता या दोहोंना वेगवेगळी उत्तरे देईल. तो भेद करणारे शब्द तिच्या भाषेत पूर्वीपासून आहेत. प्रश्नावलीने ते वापरले पाहिजेत.