छातीच्या फोटोपासून पेट स्कॅनपर्यंत

खानदेशात फुप्फुसाच्या कर्करोगाची कहाणी अनेकदा टीबीच्या गोळ्यांपासून सुरू होते. खोकला हटत नाही, वजन उतरते, बेडक्यात रक्त दिसते. छातीचा फोटो काढला की त्यावर डाग असतो आणि तो टीबीचाच धरला जातो. गेल्या चार दशकांत जळगाव-धुळ्यातली यंत्रे खूप बदलली. डागाकडे पाहण्याची ही सवय मात्र पुरती गेलेली नाही.

ऐंशीच्या दशकात इथल्या डॉक्टरांचा आधार साधा एक्स-रेच होता. त्यात बरगड्या, गळपट्टीचे हाड आणि हृदय यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. लहान गाठ त्यांच्याआड सहज लपते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सिटी स्कॅनने लंडनमध्ये १९७१ सालीच पहिला रुग्ण तपासला होता, पण खानदेशच्या रुग्णासाठी ही तपासणी बराच काळ मोठ्या शहरातच होती. जळगाव-भुसावळची माणसे रेल्वेने आणि धुळ्याची आग्रा रोडने मुंबईच्या टाटा रुग्णालयात जात. तोवर गाठ मोठी झालेली असे किंवा छातीत पाणी भरलेले असे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, २०१८ मध्ये जळगावलाही शासकीय महाविद्यालय सुरू झाले. दरम्यान खासगी केंद्रांतून सिटी स्कॅन दोन्ही शहरांत रुळला. गाठीचा आकार, छातीतल्या लसिकाग्रंथी, यकृतापर्यंतचा फैलाव हे सारे त्यात दिसू लागले. सिटीच्या आधाराने सुई नेमकी गाठीत घालून तुकडा काढता येऊ लागला. शेवटचा निवाडा त्या तुकड्याच्या तपासणीतूनच होतो.

पैशाचा अडसरही काहीसा सैल झाला. राज्य सरकारची मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावसह उरलेले जिल्हे २०१३ मध्ये आले. तरी निदानाआधीची धावपळ बहुधा कुटुंबालाच सोसावी लागते.

कर्करोग शरीरात कुठवर पसरला आहे हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनची अडचण आणखी वेगळी. त्यासाठी लागणाऱ्या औषधातला किरणोत्सारी फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईहून रस्त्याने सात तासांवर तो नेला, तर दहावा हिस्साही उरत नाही. त्यामुळे ही तपासणी मोठ्या शहरांभोवतीच वाढली.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या ५३ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासाने दाखवले, की खूप धूम्रपान केलेल्यांची दरवर्षी कमी मात्रेचा सिटी स्कॅन करून तपासणी केली, तर या कर्करोगाचे मृत्यू एक्स-रे तपासणीच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटतात. अशी वार्षिक तपासणी जशीच्या तशी इथे आणणे सोपे नाही. जुन्या टीबीचे व्रण असंख्य फुप्फुसांत आहेत. प्रत्येक व्रणाची शंका फेडताना निरोगी माणसांनाही सुया टोचाव्या लागतील.

एक्स-रे मात्र नव्या रूपात परतला आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात आढळले, की छातीचा फोटो नसता तर ४२.६ टक्के रुग्ण सुटले असते. आता टीबी मोहिमांमध्ये हातात धरता येणारी यंत्रे गावोगाव नेली जातात. त्याच फोटोंत कर्करोगाच्या सावल्याही येणार. त्या टीबीच्या खात्यात जमा होऊ नयेत, एवढी व्यवस्था आरोग्य खात्याने केलीच पाहिजे.

यंत्रे दारात आली. आता निर्णय वेळेवर हवा. घरात पन्नाशी ओलांडलेले, वर्षानुवर्षे विडी ओढणारे कुणी असेल, खोकला तीन आठवड्यांवर गेला असेल आणि थुंकीत टीबी सापडला नसेल, तर केवळ फोटोवरच्या डागासाठी महिनोन्‌महिने गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: सिटी स्कॅन कधी करायचा?