'कोबाल्ट ब्लू': एक वियोग, दोन निवेदने

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीचे कथानक दोन वाक्यांत सांगता येते. पुण्यातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात वरच्या मजल्यावरील खोलीत पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर घरातील तनय आणि अनुजा ही भावंडे, एकमेकांच्या नकळत, प्रेम करतात. पुढे अनुजा त्याच्याबरोबर घर सोडते, आणि काही महिन्यांनी एकटीच परत येते. परंतु कादंबरीचे मर्म या घटनाक्रमात नसून तिच्या निवेदनपद्धतीत आहे.

पूर्वार्धात तनय निघून गेलेल्या त्या तरुणाला 'तू' असे संबोधून बोलतो. संबोधित व्यक्ती अनुपस्थित आणि अखेरपर्यंत अनामिक राहते. येथे मराठीचे व्याकरणच आशयाला साहाय्यभूत होते. इंग्रजीतील द्वितीय पुरुषी सर्वनाम व क्रियापद संबोधिताचे लिंग सांगत नाहीत. मराठीत मात्र 'आलास', 'जातोस' यांसारख्या रूपांत ते उघड होते, आणि 'मी गेलो' म्हणताच बोलणाऱ्याचेही. त्यामुळे एका तरुणाने दुसऱ्या तरुणाशी चालविलेले हे प्रेमाचे बोलणे आहे, हे सांगण्यासाठी लेखकाला कोणतीही घोषणा करावी लागत नाही. क्रियापदाच्या प्रत्ययानेच ते सांगून टाकलेले असते. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादात (२०१३) भाषेची ही सोय उपलब्ध नव्हती, हे तौलनिक अभ्यासकाने ध्यानात घ्यावे.

या संदर्भात १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेथेही महाविद्यालयीन वय आहे, मैत्री आहे आणि समलिंगी प्रेम आहे. परंतु सुमित्राची गोष्ट सांगतो तो तिचा मित्र बापू. त्याची सहानुभूती खरी असली तरी ती बाहेरून पाहणाऱ्याची आहे. तनयला असा मध्यस्थ लागत नाही.

उत्तरार्ध अनुजाच्या दैनंदिनीचा आहे. हा भाग पूर्वार्धाइतका घट्ट उतरलेला नाही, हे मान्य करावे लागते. तरीही तो अनावश्यक नाही. कारण तनयने सांगितलेले मनात बाळगूनच वाचक तो वाचतो, आणि एकाच माणसाच्या जाण्याने झालेली दोन दुःखे शेजारी ठेवली जातात. अनुजाचे पळून जाणे ही घराच्या दृष्टीने नामुष्की आहे. त्यावर रडारड होते, लोक काय म्हणतील याची धास्ती असते, ती परतल्यावर तिला सावरण्याची खटपट होते. तिचा अपराध कुटुंबाला ओळखीचा आहे. त्याला देण्यासाठी शब्द तयार आहेत. तनयच्या वाट्याला मात्र ही नामुष्कीसुद्धा येत नाही. त्याने काही गमावले आहे याची घरात नोंदच नाही, म्हणून त्याची विचारपूसही नाही. बहिणीविषयीच्या काळजीने व्यापलेल्या त्या घरात तो फक्त समजूतदार मुलगा असतो, आणि 'तू' म्हणून ज्याच्याशी बोलावे तो वरच्या खोलीत उरलेला नसतो.