सेकंडहँड बॉडी की नवा कॅमेरा?

तुळशीचं लग्न आटोपलं की बेळगाव भागात मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि फोटोग्राफीत नव्यानं उतरलेल्या पोरांचा नेहमीचा वाद पेटतो. येळ्ळूरसारख्या गावात तो जरा जास्तच रंगतो. इथल्या फोटोग्राफरला एकाच कॅमेऱ्यावर सगळं निभवायचं असतं: लग्न, बारसं, यात्रेतली कुस्ती, राजहंसगडावरचं प्री-वेडिंग आणि वर रीलसुद्धा. बजेट लाखाच्या आतबाहेर. तेवढ्यात एकतर कॅनन ५डी मार्क ४ ची वापरलेली बॉडी बसते, नाहीतर किट लेन्ससकट नवा आर१०. पहिला २०१६ चा, व्यावसायिकांसाठी बनवलेला. दुसरा २०२२ चा, मधल्या फळीतला. दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

‘शटर काउंट कमी, म्हणजे कॅमेरा चांगला’

सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. ५डी मार्क ४ चं शटर १,५०,००० क्लिकपर्यंत टिकावं, अशा हिशेबानं बनवलेलं आहे. निकॉन डी८५० साठी हाच आकडा २,००,००० आहे. एका लग्नात दोन हजार क्लिक धरले, तर दीड लाख म्हणजे पंचाहत्तर लग्नं. पण हा आकडा औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखा नाही. काही शटर त्याच्या पुढं दुप्पट चालतात, काही आधीच बसतात, आणि बसलेलं शटर बदलून मिळतं.

खरी मेख वेगळीच आहे. शटर काउंट फक्त फोटो मोजतो, व्हिडिओचे तास मोजत नाही. दोन सीझन लग्नाचे व्हिडिओ काढून तापलेली बॉडी ‘फक्त वीस हजार क्लिक’ म्हणून विकायला येऊ शकते. तेव्हा आकड्याबरोबर ‘यावर काम काय केलं?’ हेही विचारा. रबराची पकड सैल झाली आहे का, फ्लॅश लावायच्या खाचेचा रंग किती उडाला आहे, कार्डाचं झाकण घट्ट बसतं का, हे डोळ्यांनी बघा. या खुणा खोटं बोलत नाहीत.

‘लेन्स वरून स्वच्छ आहे, काळजी नाही’

आमच्याकडच्या पावसात हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. जून ते सप्टेंबर येळ्ळूरच्या शिवारात पाणी साचलेलं, गडावर धुकं, घरात कपडे वाळत नाहीत. हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ६५ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरते. कॅमेरा चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवणाऱ्यांकडे तर हमखास, कारण चामडं ओल धरून ठेवतं.

तपासायला मोबाईलचा टॉर्च पुरतो. लेन्स बॉडीपासून सोडवा, मागच्या बाजूनं उजेड टाका आणि समोरून तिरप्या नजरेनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. सुटे ठिपके दिसले तर बहुधा धूळ, तिचा फोटोवर फारसा परिणाम होत नाही. यातही एक बारकावा आहे. कॅननच्या ईएफ लेन्सचं अॅपर्चर बॉडीतून काढल्यावर उघडंच असतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या बहुतेक लेन्सचं मात्र बंद होतं, मागची छोटी दांडी बोटानं सरकवून धरावी लागते. ते न करता बघणाऱ्याला चिमूटभर भोक दिसतं आणि तो ‘लेन्स क्लीन आहे’ म्हणून पैसे मोजून मोकळा होतो.

सेन्सरसाठी एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. डाग दिसले तर बहुतेक साफ होतात, ओरखडा होत नाही.

‘नवा सेन्सर, त्यामुळं अंधारात नवाच भारी’

अर्धं खरं. ५डी मार्क ४ चा फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. आर१० चा साधारण २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळात अडीच पटींहून जास्त फरक आहे. सहा वर्षांच्या तंत्रज्ञानानं ती दरी थोडी बुजवली, पण पूर्ण नाही.

आणि हॉलमधले फोटो काळपट येण्याचा दोष बरेचदा सेन्सरचा नसतोच. आर१० बरोबर येणारी १८-४५ ची किट लेन्स ४५ वर एफ/६.३ पर्यंतच उघडते. साधी ५० मिमी एफ/१.८ लेन्स तिच्यापेक्षा बारा पट उजेड आत घेते. बारा पट! नवी बॉडी घेऊन किट लेन्सवर लग्न करणाऱ्यानं आधी हा हिशेब मांडावा. मात्र आर१० वर ५० ची लेन्स ८० सारखी वागते, त्यामुळं बारशाच्या लहान खोलीत भिंतीला पाठ लावूनही सगळं घर चौकटीत मावत नाही.

कुस्तीचं म्हणाल तर दिवे लागल्यावरची गोष्ट निराळी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आर१० पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला तर पैलवानाच्या अंगावर आडवे पट्टे येऊ शकतात. शटर मेकॅनिकलवर घ्या आणि अँटी-फ्लिकर चालू करा. ही सोय ५डी मार्क ४ मध्येही आहे, त्याच्या आधीच्या मार्क ३ मध्ये नाही. पण डाव पडताना पैलवानाचा चेहरा चौकटीच्या कोपऱ्यात गेला तरी न सोडणारा फोकस आर१० चाच. जुन्या ५डीचे ६१ फोकस बिंदू मधोमध दाटीवाटीनं बसलेले असतात.

‘मेगापिक्सेल जास्त तेवढा अल्बम चांगला’

नाही. १२ बाय ३६ च्या करिझ्मा अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंचांचं. इंचाला ३०० बिंदू धरले तरी त्याला साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. आर१० चे २४.२ आहेत, ५डी मार्क ४ चे ३०.४. रीलला तर दोनच लागतात.

‘डीएसएलआर संपला, जुना घेणं म्हणजे पैसे बुडवणं’

कॅननचा १डी एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६, दोन्ही २०२० चे. त्यानंतर या कंपन्यांनी नवा व्यावसायिक डीएसएलआर आणला नाही, हे खरं. पुढं सुटे भाग मिळणं अवघड होत जाणार, हेही खरं. पण ईएफ लेन्सवर घातलेला पैसा बुडत नाही, अॅडॉप्टर लावला की त्या नव्या आर बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनवाल्यांनी जपून राहावं: एफटीझेड अॅडॉप्टरवर जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही.

‘नवा घेतला की वॉरंटी असतेच’

बिल भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं असेल तरच. बाहेरून आणलेला ‘इम्पोर्टेड पीस’ दिसायला नवा असतो, पण इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला वाली नसतो. सेकंडहँड घेताना बॉडीवरचा सीरियल नंबर मूळ बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जा नाहीतर गावातल्या ओळखीच्याकडून घ्या, बिल नसेल तर चोरीचा माल गळ्यात पडायची जोखीम तुमचीच.

दोन्ही पक्ष एका गोष्टीबद्दल बोलतच नाहीत. ५डी मार्क ४ मध्ये दोन कार्डं बसतात, आर१० मध्ये एकच. अक्षता एकदाच पडतात, आणि तेव्हाच कार्डानं दगा दिला तर पाहुण्यांना पुन्हा बोलावता येत नाही. पैसे घेऊन लग्न करणाऱ्यानं एकाच कार्डावर भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट व्हिडिओच मुख्य काम असेल तर जुन्या ५डीच्या वाटेला जाऊ नका. ४के लावलं की त्याची चौकट १.६४ पट आवळते आणि फाइली अवाढव्य होतात. त्यात वजन ८९० ग्रॅम, आर१० च्या दुप्पट. गडावर चढताना ते खांद्याला कळतं.

म्हणून लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यानं नीट तपासलेली जुनी बॉडी आणि ५० ची लेन्स घ्यावी. रील, व्हिडिओ आणि फिरती करणाऱ्यानं नवा आर१० घ्यावा, पण किट लेन्सवर थांबू नये. काहीही घेतलंत तरी बजेटमधून ड्राय कॅबिनेटचे पैसे आधी बाजूला काढा. ते जमत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आणा, आणि पावसाळाभर काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा.