अ‍ॅडसेन्सचे पैसे नेमके कशाचे मिळतात?
स्वतःची वेबसाइट चालवणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यायलाच हवं! गूगलने २००३ मध्ये अ‍ॅडसेन्स ही वेबसाइटवर जाहिराती दाखवणारी सेवा सुरू केली. आपण कोडचा छोटा तुकडा पानावर लावायचा. वाचकाने पान उघडलं की क्षणार्धात त्या जागेसाठी जाहिरातदारांचा लिलाव होतो आणि जिंकणाऱ्याची जाहिरात झळकते. त्यामुळे विषयाला फार किंमत आहे. विमा किंवा कर्जावरच्या लेखाला जेवढी बोली लागते, तेवढी कवितेच्या पानाला लागत नाही. मला याचं वाईट वाटतं, पण बाजार असाच चालतो.

जाहिरातदाराच्या १०० रुपयांतले साधारण ६८ रुपये साइटमालकाकडे येतात. २०२४ च्या सुरुवातीपासून मात्र हिशेब क्लिकवर होत नाही. जाहिरात किती वेळा दिसली, त्यावर होतो. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून क्लिकचंच गणित शिकवतात, तेव्हा तारीख बघूनच ते पाहा.

१० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी पोस्टाने पिन येतो. १०० डॉलर झाल्यावर पैसे बँकेत. आणि कृपया स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करू नका, मित्रांनाही करायला सांगू नका. खातं बंद होऊ शकतं आणि जमलेली कमाईही हातची जाते.